माळावरची नजर : आष्टी परिसरातील शिकार आणि लहान दुर्बीण

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी हे गाव बीड जिल्ह्यातील आष्टीहून निराळे असून ते दुधना आणि गोदावरी या नद्यांच्या दरम्यानच्या सपाट, काळ्या मातीच्या पट्ट्यात वसलेले आहे. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा परतूर तालुका परभणीतून त्यात आला, आणि 1948 पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शिकारीच्या इतिहासात मात्र सरहद्दींपेक्षा जमिनीच्या ठेवणीला अधिक महत्त्व आहे. दाट अरण्य नसलेल्या, गवताळ माळ आणि शेतशिवार यांनी व्यापलेल्या अशा प्रदेशाचे खरे जनावर काळवीट. ते दुरून दिसते, पण ज्याला ते दिसते त्यालाही त्याने आधीच पाहिलेले असते. त्यामुळे येथे दुर्बिणीचे काम जनावर शोधण्याचे नव्हते, ते ओळखण्याचे होते, आणि कोणती दुर्बीण चांगली या प्रश्नाचे उत्तरही या फरकावरच अवलंबून राहिले.

‘दुर्बीण’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. आजच्या जालना जिल्ह्याच्या भूमीवर तिचा सर्वांत प्रसिद्ध वापर शिकारीत नव्हे, तर युद्धात झाला. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या लढाईपूर्वी वाटाडे केळणा नदीला उतार नाही असे सांगत असताना इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने एकनळी दुर्बिणीतून दोन्ही काठांवर समोरासमोर असलेली दोन गावे पाहिली, आणि इतक्या जवळच्या गावांमध्ये येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे असे अनुमान काढून तेथूनच फौज पार नेली. दुर्बिणीने त्याला उतार दाखवला नाही. तिने दाखवलेल्यावरून तो त्याने ताडला.

पुढे जालना हे हैदराबाद कंटिंजंटचे, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेचे, ठाणे झाले आणि 1903 मध्ये ती फौज ब्रिटिश भारतीय सैन्यात विलीन होईपर्यंत ते टिकले. दख्खनमधील शिकारीवर 1928 साली पुस्तक प्रसिद्ध करणारे आर. जी. बर्टन याच फौजेतून पुढे आलेले अधिकारी होते. या वर्गाच्या शिकारीत एक संकेत होता : मादी मारायची नाही, आणि नरांतही लांब शिंगांचा, शक्यतो 20 इंचांपुढचा, निवडायचा. पूर्ण वाढलेला नर काळा आणि माद्या व पाडसे तपकिरी असल्यामुळे नर ओळखण्यास उघडे डोळे पुरत. पिळदार शिंगांची लांबी अजमावण्यासाठी मात्र भिंग लागे.

त्या काळी हाती असलेली दुनळी दुर्बीण गॅलिलिओच्या रचनेची होती. तिच्यात पुढे बहिर्गोल आणि डोळ्याशी अंतर्गोल भिंग असे. प्रतिमा सुलट मिळे, परंतु वर्धन, म्हणजे वस्तू किती पटींनी जवळ भासते ते प्रमाण, तीन ते पाचपटींपलीकडे नेले की दिसणारे क्षेत्र फारच आकसत असे. इग्नात्सिओ पोर्रो या इटालियनाने 1854 मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत प्रकाशकिरण काचेच्या लोलकांतून वळवून नळीची लांबी कमी केलेली होती, पण तशी उत्तम काच मिळून झाइस कंपनीची लोलकाची दुर्बीण बाजारात येण्यास 1894 साल उजाडले. त्यानंतर घराच्या छपरासारख्या दोन उतारांचा लोलक वापरून नळ्या सरळ व बारीक करण्यात आल्या, आणि त्याच वाटेने पुढे खिशात मावणारी 8×20 सारखी दुर्बीण शक्य झाली.

या खुणेतील पहिला आकडा वर्धनाचा, तर दुसरा पुढील भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास दर्शवतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले असता डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो : 8×20 मध्ये तो अडीच मिलिमीटर, तर 7×50 मध्ये सुमारे सात. भर उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसत असल्याने तेव्हा मोठ्या भिंगाचा बराचसा प्रकाश वाया जातो. अंधारात बाहुली विस्तारते आणि लहान भिंग तोकडे पडते. म्हणूनच रात्री मचाणावर बसणाऱ्याला जड दुर्बीण हवी, तर दिवसा माळ तुडवणाऱ्याला हलकी पुरते. अधिक वर्धनाचा मोहही येथे फसवा आहे, कारण चैत्र-वैशाखात तापलेल्या काळ्या जमिनीवरची हवा थरथरते आणि भिंग काळविटाबरोबर ती थरथरही मोठी करते. मृगजळ हा शब्द ज्या भाषेत आहे, तिच्या वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

याच माळांवर भिंगाविना चालणारी शिकार त्याहून जुनी होती. फासेपारधी, म्हणजे दोरीचे फास लावून हरणे व पाखरे धरणारे लोक, माणसाळवलेल्या बैलाच्या आडून जनावराजवळ जात. चित्तेपारधी चित्ता शिकवून काळविटावर सोडत, आणि कोल्हापूरच्या दरबाराने ही पद्धत विसाव्या शतकातही जोपासली. दुर्बिणीमुळे अंतर न तोडता पाहता येते. पारध्याचे सारे कसब अंतर तोडण्यात होते. ब्रिटिश अमलात मात्र दुर्बीणवाल्या शिकाऱ्याच्या वाट्याला प्रतिष्ठा आली, तर पारध्याची गणना 1871 च्या कायद्याने रूढ झालेल्या ‘गुन्हेगार जमाती’त झाली. त्या काळच्या शिकारवाङ्मयाचे कौतुक करताना ही विषमता नजरेआड करणे योग्य नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने काळविटाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत, घातले आणि त्याची छंदाची शिकार संपली. पिकांची नासाडी करणारे रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर यांना मारण्यासही वन विभागाची परवानगी लागते. दुर्बीण बाळगण्यास मात्र कोणाच्या परवान्याची गरज नाही, आणि शिवारातील कळप रोह्यांचा की काळविटांचा, हे बांधावरून पाहण्यास ती आजही उपयोगी पडते. फक्त वेळ बदलली आहे : पिकात शिरणारी जनावरे बहुधा दिवस मावळताना आणि रात्री येतात, त्यामुळे दुपारच्या माळासाठी योग्य असलेली 8×20 ची दुर्बीण या कामाला अपुरी ठरते; त्यासाठी थोडे वजन सोसून 8×30 ची घेणेच रास्त.