झोपेविषयीचे आपले समज मोजणारी प्रश्नावली

झोप किती तास झाली हे घड्याळ सांगतं. पण झोपेबद्दल आपण मनात काय धरून बसलोय, हे कसं मोजायचं? कॅनडातील मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मोरिन यांनी १९९३ मध्ये त्यासाठी ३० विधानांची प्रश्नावली मांडली. २००७ मध्ये १६ विधानांची छोटी आवृत्ती आली. आठ तास मिळालेच पाहिजेत, एक रात्र जागलो तर दुसरा दिवस वाया गेला, गोळीशिवाय झोपच येणार नाही, अशा धाटणीच्या विधानांशी आपण किती सहमत, ते ० ते १० मध्ये सांगायचं. मग सरासरी काढतात. आकडा जेवढा मोठा, तेवढी समजुतींची पकड घट्ट.

आपल्या घरांत यातली बरीच वाक्यं रोज ऐकू येतात, आणि ती निव्वळ खोटी नसतात. घोळ होतो तो त्यांचा हट्ट धरल्याने. रात्री दोनला उद्याचा हिशेब मांडत बसलो की काळजीनेच डोळा लागत नाही. म्हणूनच निद्रानाशावरच्या वर्तनोपचारात हे समज तपासतात आणि उपचारानंतर प्रश्नावली पुन्हा भरून घेतात.

मात्र एवढ्यावरून निद्रानाशाचं निदान होत नाही. घोरताना श्वास अडकत असेल तर थेट डॉक्टरांना दाखवावं. आणि चालू असलेली झोपेची गोळी त्यांना न विचारता बंद करू नये.