शिमगो झालो, मासो गेलो?

परवा मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना बघत उभा होतो. तीस-चाळीस माणसं दोरीला. दोन तासांनी जाळं वर आलं तर दोन टोपल्या पेडवे, बाकी सगळा जेलीफिश. एक म्हातारे रापणकर दोरी गुंडाळत म्हणाले, "पाणी तापला रे झिला, मासो भायर गेलो."

बातमीत आपण लगेच 'हवामान बदल' लिहून मोकळे होतो. मीही लिहिलंय. पण जरा मागे जाऊन बघू.

थंड देशांत वसंतात पाणी कोमट झालं की मासा किनाऱ्याला लागतो. आपल्याकडे बऱ्याच अंशी उलटं. मार्च ते मे अरबी समुद्र तापतो. दक्षिणेकडे एप्रिल-मेमध्ये वरचं पाणी ३० अंशांच्या आसपास किंवा वर जातं. वरचं गरम आणि खालचं थंड पाणी मिसळत नाही, म्हणून तळाचं खत वर येत नाही. लाकडाच्या भुशासारखा तांबूस तवंग दिसतो तो याच दिवसांत. पावसाळी वारे सुरू झाले की केरळपासून थंड पाणी वर येऊ लागतं आणि माशाला पुन्हा खाणं मिळतं. जुन्या लोकांना यातलं शास्त्र नसेल ठाऊक, पण शिमग्यानंतर बांगडे खारवायचे, गोलमो सुकवायचा, जाळी शिवायची हा क्रम त्यांनी उगाच लावला नव्हता.

मासा रुसणंही नवं नाही. मलबारात १९४० च्या दशकात तारली इतकी घटली की मद्रास सरकारने १९४३ मध्ये लहान तारली पकडण्यावर निर्बंध घातले. पुढे ती परतली. आपल्या डोळ्यांदेखतचं उदाहरण केरळचंच: २०१२ मध्ये जवळपास ४ लाख टन तारली, २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांहूनही कमी.

मग बदललं काय? पूर्वी मासा बाहेर गेला तर सगळ्यांसाठीच जायचा. आता इंजिनवाला त्याच्या मागे जातो, रापणकर किनाऱ्यावरच राहतो. कायदा आहे की. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या हद्दीत पर्ससीनला फक्त सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा. एलईडी दिव्यांवर २०१७ पासून बंदी. तरी जानेवारीनंतर रात्री समुद्रात उजेड दिसतो, ही तक्रार मी दरवर्षी छापतो. (छापून काय होतं, ते विचारू नका.)

त्यात मे महिनाही आता भरवशाचा नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते इथूनच पुढे गेलं.

१ जून ते ३१ जुलै बंदी असते, ती योग्यच. पण रापणकराची चूल थंडावते ती त्याच्या कितीतरी आधी, चैत्र-वैशाखात. त्या महिन्यांत त्याच्या हद्दीत कोण घुसतं आणि गस्तीनौका किती वेळा फिरते, याचा महिनावार हिशेब मत्स्य विभागाने जाहीर करावा. मी विचारणार आहे. तुम्हीही विचारा.