कार्डावर पाचच नावं

बी.एड. करून मी नुकताच शिक्षक झालो होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यात राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेची स्मार्ट कार्डं काढून देणारं शिबिर लागलं. उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता येतं म्हणून नावं लिहायला मला बसवलं. यंत्रमागावर काम करणारे एक चाचा आले. घरात सात माणसं, कार्डावर जागा पाचांची. चाचा बराच वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, “सर, किसका नाम छोडूं?” त्यांची वृद्ध आई सोबत होती. ती म्हणाली, “मेरा छोड दो, बच्चों का लिखो.” थोरल्या मुलाचं नावही राहिलं. मी पाच नावं लिहिली.

पाच हा आकडा कुठून आला, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

1 जानेवारी 1973 पासून देशातला सर्वसाधारण विमा सरकारच्या ताब्यात आला. 107 विमा संस्था एकत्र करून चार सरकारी कंपन्या झाल्या. 1986 मध्ये त्यांनी मेडिक्लेम आणलं. पण वर्षाचा हप्ता आधी भरायचा म्हणजे हातात शिल्लक हवी. नोकरदार, व्यापारी यांना ते जमलं; आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्या कारागिराला नाही. 1999 च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना दार उघडलं. बाजार वाढला, मात्र तो पैसे भरू शकणाऱ्यांचाच राहिला.

2008 मध्ये धोरण बदललं. गरिबांच्या वतीने सरकारच ग्राहक झालं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाने 30 रुपये नोंदणी द्यायची आणि वर्षाला 30,000 रुपयांपर्यंतचे उपचार घ्यायचे. हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरणार. कंपन्या जिल्ह्यागणिक निविदा भरत आणि नोंदलेल्या कुटुंबामागे त्यांना ठरलेली रक्कम मिळे. जितकी कार्डं तितका पैसा. म्हणूनच विमा पहिल्यांदा आमच्या गल्लीपर्यंत चालत आला. काही वर्षांतच साडेतीन कोटींहून जास्त कुटुंबं नोंदली गेली. पण हप्ता कुटुंबामागे ठरला, की माणसांनाही मर्यादा आली. कुटुंबप्रमुख, पत्नी आणि आणखी तिघं. हिशोब कागदावर चोख होता. एकत्र राहणाऱ्या घरांना तो बसत नव्हता.

महाराष्ट्राने 2012 मध्ये आठ जिल्ह्यांपासून वेगळा मार्ग धरला. राजीव गांधी जीवनदायी योजनेत पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड हीच ओळख ठरली, आणि कुटुंबाला दीड लाखापर्यंतचं संरक्षण मिळालं. 2017 मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव दिलं गेलं. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली: पाच लाखांचं संरक्षण आणि कुटुंबातल्या माणसांवर मर्यादा नाही. पण पात्रता बहुतांशी 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून ठरली. पाचाची अट गेली, यादीची अट आली. 2023 मध्ये राज्याने आपली योजना सर्वच कुटुंबांना खुली करायचं ठरवलं. ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मानचं कार्ड मिळू लागलं.

ही बातमी वाचली तेव्हा मला ती दादी आठवली. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

आपल्याकडे योजनेचं श्रेय कुणाचं यावर खूप वाद होतात. मला वाटतं, नियमातली एकेक ओळ वाचणं जास्त गरजेचं आहे. ‘पाच सदस्य’, ‘केशरी कार्ड’, ‘2011 ची यादी’ या दोन-दोन शब्दांनी लाखो माणसं आत येतात किंवा बाहेर राहतात.

आता तर आणखी एक अडचण आहे. शाळेच्या दाखल्यावर ‘शैख’, रेशनकार्डावर ‘शेख’, आधारवर तिसरंच काही. उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना नाव बदलतं, आणि ते नेमकं घरात कुणी आजारी असताना लक्षात येतं. म्हणून दाखल्याच्या वेळी मी पालकांना आधी सगळे कागद समोर ठेवायला सांगतो. तुम्हीही या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव रेशनकार्डावर आहे का आणि ते आधारशी जुळतं का, हे एकदा पाहून घ्या. सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून करा.