घर बांधून झाल्यावर



घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण आपणां सर्वांच्या तोंडची आहे. म्हण करणारानें घर बांधून होईपर्यंतचा त्रास पाहिला. बांधून झाल्यावर पुढें काय होतें, तें मात्र त्यानें सांगितलें नाहीं. भिंती उभ्या राहिल्या, वर छप्पर पडलें, म्हणजे नवे प्रश्न सुरू होतात. जमीन कशाची करावी, गिलावा कोणता, रंग कोणता, दार कसलें ? आणि हे प्रश्न एकट्याचे नसतात, दोघांचे असतात.

माझा एक जुना विद्यार्थी आणि त्याची पत्नी अशीं दोघें गेल्या वर्षीं हेच प्रश्न घेऊन मजकडे आलीं. त्यांचें गांव अवसरी खुर्द, पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांतलें. खुर्द आणि बुद्रुक हे शब्द फारसीवरून आलेले. खुर्द म्हणजे धाकटें, बुद्रुक म्हणजे थोरलें. तेव्हां हें धाकटें अवसरी. पुणें-नाशिक रस्ता जवळून जातो, मंचरची बाजारपेठ फार दूर नाहीं, आणि २००९ सालीं येथें सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयही निघालें. मातीच्या घरांच्या जागीं सिमेंटचीं घरें उठूं लागलीं, तशीं इकडेही उठलीं. या दोघांनींही आजोबांच्या वेळचें मातीचें घर उतरवून त्याच जागीं नवें बांधलें होतें. जुन्या घराची सागवानी चौकट, दोन फळ्यांचें दार आणि चार खांब तेवढे ताडपत्रीखालीं झांकून ठेवले होते. जुन्या लाकडाचा एक व्यापारी त्यांची बरी किंमत सांगून गेला होता.

“गुरुजी,” विद्यार्थी म्हणाला, “लांकूड विकलें तर सगळ्या घराला आरशासारखी फरशी बसते. आल्यागेल्याला घर पाहून समाधान वाटेल.”

“आरसा भिंतीला बरा, गुरुजी, पायाखालीं कशाला?” त्याची पत्नी म्हणाली. “पावसाळ्यांत आम्हीं गोठ्यांतून ओल्या पायांनीं यायचें. सासूबाईंचे गुडघे आधींच दुखतात. आणि ती चौकट विकल्यावर या घरांत ह्यांच्या आजोबांचें म्हणून काय राहील ?”

दोघेंही निवाड्याच्या अपेक्षेनें माझ्याकडे पाहूं लागलीं. मी पडलों मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जन्मभर मुलांना इतिहास सांगितलेला शिक्षक. गवंड्याचा प्रश्न मला कसा सुटावा ? परंतु त्या दिवशीं आम्हीं तिघांनीं बसून या प्रश्नाचा इतिहासच धुंडाळला. तोच आज आपल्यापुढें मांडतों.

आपल्या प्रांतांतलें सर्वांत नांवाजलेलें घर म्हणजे पुण्याचा शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० रोजीं त्याचा पाया घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांत झाली. दोन वर्षांत १६,११० रुपये खर्च आला. त्या वाड्याचा दगड चिंचवडच्या खाणींतला, चुना जेजुरीकडचा, आणि सागवान जुन्नरच्या रानांतलें. जुन्नर म्हणजे आंबेगांवचा शेजारी तालुका. पेशव्यांनीं घर बांधलें, तें असें दोन-चार दिवसांच्या गाडीवाटेवर मिळणाऱ्या मालानें बांधलें. कारागिरांचीं नांवेंही राहिलीं आहेत : देवाजी सुतार, कोंडाजी सुतार, मोरारजी पाथरवट, राघो चितारी, आणि जडावाच्या कामासाठीं जयपुराहून आलेला भोजराजा.

त्या घराची घरधनीण काशीबाई. बाजीरावसाहेबांची ही पत्नी चासकर जोश्यांच्या घरची. चास हें भीमेकांठचें गांव खेड तालुक्यांत, म्हणजे अवसरीच्या शेजारमुलखांतच येतें. सुताराचें नांव राहिलें, चिताऱ्याचें राहिलें. परंतु घरधनिणीला काय हवें होतें, तें हिशेबाच्या वहींत लिहिण्याची रीत त्या काळीं नव्हती. काशीबाईंची आवड पाहावयाची तर माहेरीं, चासलाच जावें लागतें. तेथलें सोमेश्वराचें देऊळ त्यांनीं १७४९ सालीं बांधविलें, आणि तें आजही उभें आहे. वाड्याला मात्र २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं आग लागली. ती आठवडाभर धुमसत होती. जुन्नरचें सागवान जळून गेलें. तट, दरवाजे आणि जोतीं राहिलीं.

दगडाला दगड धरून ठेवणारा तो चुना म्हणजे काय, हें एकदां नीट समजून घेण्यासारखें आहे. चुनखडी भट्टींत सुमारें ९०० अंश उष्णतेवर भाजली, म्हणजे तिच्यांतला कर्बवायु निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळी पाण्यांत विझवावी, वाळूबरोबर बैलांच्या घाणींत मळावी, आणि भिंतीवर चढवावी. मग तो चुना हवेंतला कर्बवायु हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हां चुनखडी होऊन बसतो. याला महिने लागतात, जाड भिंतींत वर्षें लागतात. चुना चिवट व्हावा म्हणून जुने गवंडी घाणींत गुळाचें पाणी आणि हिरड्याचा काढा घालीत. हिरडा तर भीमाशंकराच्या डोंगरांतला. आंबेगांव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यांतल्या महादेव कोळ्यांचें तें पिढ्यान्‌पिढ्यांचें रानउत्पन्न. म्हणजे आपल्याकडचीं माणसें आणि आपल्याकडचीं झाडें त्या गिलाव्यांत मुरलेलीं होतीं.

हें झालें वाड्याचें. साध्या कुणब्याचें घर निराळें. मराठींत शेताला काळी म्हणतात आणि वस्तीला पांढरी. घराच्या भिंती त्या पांढऱ्या मातीच्याच. जमीन मुरूम-मातीची, पाणी मारून चोपण्यानें चोपलेली आणि वर शेणानें सारवलेली. पूर्वेकडच्या कोरड्या गांवांतून धाब्याचीं घरें, तर डोंगराकडे पाऊस फार म्हणून उतरतीं छपरें. या घराचा सांगाडा पुरुषांनीं उभा करावा. पण त्याचें अंग सर्वस्वीं बायकांच्या हातीं. सारवण त्यांचें, चुलीला पोतेरें त्यांचें, भिंतीला पांढरी फांसणें त्यांचें. सारवण आठ-पंधरा दिवसांनीं पुन्हां करावें लागे, म्हणून असल्या घराचें काम कधीं संपतच नसे. आज आपण जें एकदांच ठरवितों आणि पैसे मोजून मोकळे होतों, तें पूर्वीची गृहिणी दर पंधरवड्यास ठरवीत होती. तिच्या कंबरेला त्याचे कष्ट होते, हें विसरूं नये. जुन्या सारवणाचे गोडवे ज्यांना तें कधीं करावें लागलें नाहीं, तेच बहुधा अधिक गातात.

मग काळ पालटला. १८२४ सालीं इंग्लंडांत जोसेफ अ‍ॅस्पडिन नांवाच्या गवंड्यानें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि मंगळुरी कौल घाटावर चढलें. १८७१ सालीं मुंबईचा लोहमार्ग रायचूरपर्यंत पोंचला. त्या वाटेवरच्या शहाबादची करडी फरशी आगगाडींत बसून पुण्यास येऊं लागली. १९२२ सालीं मुंबईंत भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी निघाली, आणि विलायती नक्षीच्या फरशीला देशी उत्तर मिळालें. १९३६ सालीं सिमेंटचे अनेक कारखाने एकत्र येऊन ए. सी. सी. झाली. १९४२ सालीं, महायुद्धाच्या ऐन धुमाळींत, मुंबईच्या चार मित्रांनीं एशियन पेंट्स सुरू केली. आतां तर गुजराथेंतल्या मोरबीची विट्रिफाइड फरशी खेडोपाडीं गेली आहे. माती आणि फेल्डस्पार सुमारें १२०० अंशांवर भाजून ती करतात. तिच्यांत शंभर भागांस अर्धा भागही पाणी मुरत नाहीं. ती डाग धरीत नाहीं हें खरें. पण जिला चकाकी दिलेली असते, ती ओल्या पायाला धरीत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

नव्याला नांवें ठेवावीं म्हणून हें सांगत नाहीं. नवें वापरतांना जुन्याचा स्वभाव ओळखावा, एवढेंच म्हणणें. याचा धडा मी स्वतःच्या पैशानें घेतला आहे. माझ्या वडिलांच्या घराची एक भिंत पांढऱ्या मातीची होती. नोकरींत चार पैसे गांठीला जमले, तेव्हां मीं मोठ्या हौसेनें तिला सिमेंटचा गिलावा केला. सौभाग्यवती म्हणाली होती, “भिंत ओल धरते, थोडें थांबा.” मीं ऐकलें नाहीं. मातीची भिंत जमिनींतली ओल वर ओढते आणि अंगांतून बाहेर टाकते. सिमेंटनें तिचें तोंडच बंद केलें. तिसऱ्या पावसाळ्यांत गिलाव्याचा पापुद्रा हातभर सुटला, आणि आंतली माती चिखलासारखी निघाली. चुन्याचा हात दिला असता तर ती भिंत कदाचित् आजही उभी असती. दोष सिमेंटचा नव्हता, गवंड्याचाही नव्हता. विचारलें नाहीं आणि ऐकलें नाहीं, हा दोष माझा.

घराच्या सजावटीचा विचार करतांना आणखी एक गोष्ट या तालुक्यांत तरी विसरतां येत नाहीं. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं याच आंबेगांव तालुक्यांतल्या माळीण गांवावर डोंगराचा कडा आला आणि १५१ माणसें मातीखालीं गेलीं. वांचलेल्यांसाठीं आमडे येथें नवें गांव वसविलें, आणि २०१७ च्या एप्रिलमध्यें नवीं घरें लोकांच्या हातीं आलीं. त्या घरांत प्रथम पाऊल ठेवणारांनीं भिंतीचा रंग पाहिला असेल काय ? त्यांनीं आधीं मागचा डोंगर पाहिला असेल. फरशीच्या आधीं जमीन, रंगाच्या आधीं पाण्याची वाट, हा क्रम सांगण्यास याहून जड अक्षरांत लिहिलेला धडा नको.

इतकें बोलून झाल्यावर मीं विद्यार्थ्याला विचारलें, “तुझ्या घरामागचें पावसाचें पाणी कोठें जातें ?” तो गप्प राहिला. उत्तर त्याच्या पत्नीनें दिलें : “न्हाणीच्या भिंतीशीं तुंबतें. मीं दोनदां सांगितलें.” तेव्हां पहिला खर्च गटाराचा ठरला. मग बाकीचें आपोआप सुटत गेलें. बैठकीच्या खोलींत त्याच्या हौसेची फरशी, परंतु बिनचकाकीची. पडवीला आणि न्हाणीला खरखरीत शहाबादी. शहाबादी ही चुनखडीच असल्यानें तिला लिंबू-चिंचेचा डाग पडतो, म्हणून स्वयंपाकाचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. भिंती नव्या विटांच्या, तेव्हां सिमेंटच्या गिलाव्याला हरकत नव्हती. वर तूर्त साधी चुन्याची सफेदी, कारण नवी भिंत वर्षभर वाळूं द्यावी. आणि सागवानी चौकट पुढच्या दाराला. व्यापाऱ्याला नकार द्यावयाचें काम विद्यार्थ्यानें आपण होऊन स्वतःकडे घेतलें. चार खांबांपैकीं दोन वाळवीनें पोखरलेले निघाले. उरलेले दोन पडवीला लागले.

निघतांना मीं त्यांस एक गोष्ट मागितली. म्हटलें, या घराची एक वही ठेवा. तींत गवंड्याचें नांव लिहा, सुताराचें लिहा. नळ कोठून गेला, गटार कोठें वळलें, चुना किती लागला, तें लिहा. आणि कोणती गोष्ट कोणाच्या म्हणण्यानें केली, तेंही लिहा.

पुढें वास्तुशांतीला मी अवसरीस गेलों, तेव्हां ती वही मला दाखविण्यांत आली. पहिल्या पानावर त्याच्या अक्षरांत खर्चाचे आंकडे होते. त्याखालीं वेगळ्या, जरा तिरक्या अक्षरांत एक ओळ होती : पडवीला शहाबादी, सासूबाईंसाठीं, माझ्या म्हणण्यानें. शनिवारवाड्याच्या हिशेबांत जी ओळ कोणीं लिहिली नाहीं, ती या धाकट्या अवसरीच्या घरांत लिहिली गेली. सासूबाई तेव्हां पडवींत त्याच फरशीवर, सागवानी खांबाला टेकून, आल्यागेल्याला सुपारी देत बसल्या होत्या.