अपोलो बंदरावरील भोजनगृह

१८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या ४० हून अधिक प्रतिष्ठित गृहस्थांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी ती ग्रहण केली, कोणी पेल्याला नुसता हात लावला. आणि गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नामावली वृत्तपत्रात प्रसिद्ध करताच जे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे वादंग, उभे राहिले, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्या पुरुषांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. या प्रकरणाला १३ वर्षे लोटतात न लोटतात तोच, १६ डिसेंबर १९०३ रोजी, मुंबईच्या अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेलचे दरवाजे उघडले. दाम मोजणाऱ्या कोणाही सभ्य गृहस्थास, मग तो गोरा असो वा काळा, हिंदू असो वा पारशी वा मुसलमान, तेथे एकाच छताखाली आणि एकाच मुदपाकखान्यातून आलेले अन्न मिळण्याची सोय झाली. त्या भोजनगृहात काय शिजत होते हे जाणून घेण्याची जिज्ञासा मला आहेच. परंतु तेथे कोण कोणाच्या शेजारी बसू लागले, हा प्रश्न मला त्याहून कितीतरी मोलाचा वाटतो.

त्यापूर्वीचा शिरस्ता वेगळा होता. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला, विलायतेचा प्रवास काही आठवड्यांवर आला, आणि बोटीतून उतरणाऱ्या उतारूंसाठी एस्प्लनेडवर वॉटसनचे हॉटेल उभे राहिले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजाने आणलेला होता. १८९६ च्या आरंभी मार्क ट्वेन तेथे उतरला होता, आणि त्याच वर्षाच्या ७ जुलै रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली तीही त्याच वास्तूत. मात्र तेथील भोजनाची मेजे युरोपियनांसाठी राखून ठेवलेली असत. जमशेटजी टाटांना या हॉटेलात प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताज जन्मास आले, ही आख्यायिका मुंबईत घरोघर सांगितली जाते. तिला समकालीन पुराव्याचा भक्कम आधार नाही. १८९६ च्या प्लेगाने हवालदिल झालेल्या शहराची प्रतिष्ठा पुन्हा उभी करावी, ही त्यांची इच्छा मला अधिक संभवनीय वाटते. आणि एका अपमानाची परतफेड करण्यापेक्षा ती थोरही आहे.

इमारतीचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम पुरे केले डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने. आणि मध्यवर्ती जिना ज्यांची रचना मानला जातो ते खानसाहेब सोराबजी रतनजी हे बांधकामाचे कंत्राटदार. मुंबईच्या या सर्वांत विलायती समजल्या जाणाऱ्या वास्तूच्या कागदांवर एका मराठी माणसाचे नाव पहिले आहे, याची जाणीव आपल्याकडे असावी तितकी नाही. पहिल्या रात्री मुक्कामास अवघे १७ पाहुणे होते. परंतु विजेचे दिवे, लिफ्ट, स्वतःचे बर्फ तयार करणारी यंत्रे, इंग्रज बटलर, असा सरंजाम तेथे सिद्ध होता; आणि त्यात बर्फाचे महत्त्व आज चटकन ध्यानात येणार नाही इतके मोठे होते, कारण उष्ण कटिबंधातील बंदरात लोणी, मासळी, मांस आणि फ्रेंच धर्तीची थंड पक्वान्ने टिकवून वाढणे हे सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून होते.

सूप, मासळी, भाजलेले मांस आणि शेवटी पुडिंग असा विलायती क्रम, आणि त्याच क्रमात कोठेतरी करी-भात, ही त्या काळच्या बड्या हॉटेलांची रीत होती. आपल्या पंगतीत पाने एका ओळीत मांडली जातात, सर्वांना एकच जिन्नस एकाच वेळी वाढला जातो, आणि त्या ओळीत बसण्याचा अधिकार तेव्हा जन्माने ठरत असे. हॉटेलातील मेज सुटे असते. त्यावरील माणसे आपल्या मर्जीने एकत्र येतात, आपापले पदार्थ मागवितात आणि बिल चुकवून उठतात. या साध्या मांडणीने जे घडवून आणले ते सुधारकांच्या कित्येक व्याख्यानांना साधले नव्हते. अर्थात जन्माची अट शिथिल झाली तरी पैशाची अट तितकीच कठोर राहिली, आणि गिरगावच्या खाणावळीत महिनेवारीने जेवणाऱ्या कारकुनाला त्या दिवाणखान्याची पायरी चढणे स्वप्नातही शक्य नव्हते. उपाहारगृहात प्रवेश हा सर्व नागरिकांचा हक्क ठरण्यास २६ जानेवारी १९५० उजाडावी लागली. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नामनिर्देश आहे, तो ज्या अनुभवातून आला तो विसरण्याजोगा नाही.

मुदपाकखान्यात पाहिले तर गोवा दिसतो. गोमांसास हिंदू आचारी हात लावीत नसे, डुकराच्या मांसास मुसलमान बबर्ची. गोव्याच्या ख्रिस्ती आचाऱ्यास दोन्हींचा विधिनिषेध नव्हता, आणि पाव, शिरका, पोर्तुगीज वळणाची पक्वान्ने यांचे संस्कार त्याच्यावर घरातच झालेले असत. म्हणून बोटींवर, क्लबांत, रेल्वेच्या भोजनगृहांत आणि बड्या हॉटेलांत त्यालाच मागणी असे. धोबी तलावाच्या आसपास या माणसांचे कूड होते. एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालविलेल्या त्या सामाईक बिऱ्हाडांत प्रत्येकाची एक पेटी, भिंतीशी एक वेदी आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना, एवढ्यावर नोकरीच्या शोधातील वा बोटीची वाट पाहणारा माणूस दिवस काढीत असे. दुसऱ्यांच्या मेजवान्या रांधणाऱ्या या मंडळींचा स्वतःचा संसार असा पेटीत मावणारा होता. ताजच्या मुदपाकखान्याचे आधिपत्य दीर्घकाळ सांभाळणारे मिगेल आर्कांजो मास्करेन्हस, ज्यांना सारे मास्की म्हणत, हेही गोव्याचेच. भोजनगृहात वाजणाऱ्या जॅझच्या ताफ्यांतही गोव्याचे वादक होते. चिक चॉकोलेट या नावाने गाजलेले आंतोनियो शावियर वाझ त्यांतलेच. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा अंमल सुरू होऊन परवाना असल्याखेरीज पेला भरणे अशक्य झाले, तेव्हा या रात्रींची रया गेली, आणि अनेक वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा आश्रय घेतला.

आशियाई अन्नाला या वैभवात स्थान मिळाले ते उशिरा. मुंबईतील चिनी वस्ती जुनी. माझगावचे सी यूप कून देवालय १९१९ चे आहे. चर्चगेटजवळचे कामलिंग १९३८ पासून कँटनच्या पद्धतीचे अन्न वाढीत होते, आणि अपोलो बंदराच्या परिसरात नानकिंग होते. सौम्य रस्से, वाफाळलेली मासळी, आल्याचा मंद स्वाद, अशी त्या पाककलेची प्रकृती. ताजने शेजारच्या ग्रीन्स हॉटेलच्या जागी मनोरा बांधला, आणि १९७३ च्या सुमारास गोल्डन ड्रॅगन सुरू करून सिचुआन प्रांताची तिखट पाककला हिंदुस्थानात प्रथम आणली. अजित केरकर तेव्हा या हॉटेलसमूहाचे सूत्रधार होते. कॅमेलिया पंजाबी यांच्या दूरदृष्टीचाही या उपक्रमात मोठा वाटा होता. मिरची आणि लसूण यांवर पोसलेल्या आपल्या जिभेला कँटनपेक्षा सिचुआन जवळचे वाटेल, हे ज्यांनी ओळखले त्यांच्या पारखीला दाद दिली पाहिजे.

सिचुआनी स्वयंपाकात जिभेला झिणझिण्या आणणारी जी मिरी वापरतात ती आणि आपले तिरफळ ही एकाच वनस्पतिकुळातील भावंडे होत. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत तिरफळ पिढ्यान्‌पिढ्या घातले जाते. पुढे सिचुआनचे नाव मोठ्या हॉटेलांतून मध्यम प्रतीच्या उपाहारगृहांत, तेथून हातगाड्यांवर उतरले आणि शेजवान चटणी वडापावातही शिरली. पण त्या उतरणीत ती मिरी कोठेतरी गळून गेली, आणि चटणीत लाल मिरची, लसूण व शिरका एवढेच उरले.