रामेनया

रामेनया हे रामेन हा रस्सेदार पदार्थ विकणारे जपानमधील लहान उपाहारगृह होय. जपानी भाषेत ‘या’ हा प्रत्यय दुकान या अर्थाने येतो. गव्हाच्या पिठाच्या नूडल्स, कढत रस्सा आणि मांस, अंडे, कांद्याची पात इत्यादी जिन्नस एकाच खोलगट वाडग्यात वाढले जातात. माफक दर, झटपट सेवा आणि ग्राहकाचा अल्पकाळ मुक्काम ही या दुकानांची प्रमुख वैशिष्ट्ये आहेत. तेथील बहुतेक शिष्टाचार याच तीन गोष्टींतून घडले आहेत.

इतिहास

रामेनचे मूळ चिनी आहे. इ.स. १८५९ मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापारासाठी खुले झाल्यानंतर तेथे चिनी लोकांची वस्ती वाढली व त्यांच्याबरोबर गव्हाच्या नूडल्सही आल्या. इ.स. १९१० मध्ये ओझाकी कानइची यांनी तोक्योच्या आसाकुसा भागात ‘राइराइकेन’ हे दुकान काढले आणि योकोहामातील चिनी आचारी कामावर ठेवले. जपानमधील आरंभीच्या रामेन दुकानांत त्याची गणना होते. त्या काळी या पदार्थाला ‘शिना सोबा’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘शिना’ हा शब्द चिनी लोकांना अवमानकारक मानला जाऊ लागल्याने ‘चूका सोबा’ हे नाव रूढ झाले.

युद्धोत्तर काळात तांदळाची तीव्र टंचाई होती. अमेरिकेतून आलेल्या गव्हाच्या पिठामुळे नूडल्सच्या हातगाड्या वाढल्या आणि स्वस्त, पोटभरीचे अन्न म्हणून रामेन श्रमिकांत लोकप्रिय झाले. इ.स. १९५८ मध्ये मोमोफुकू आंदो यांनी ‘चिकन रामेन’ ही झटपट शिजणारी नूडल्स बाजारात आणली. तिच्या खपामुळे ‘रामेन’ हे नाव देशभर पसरण्यास मोठी मदत झाली. इ.स. १९९४ मध्ये योकोहामा येथे रामेनला वाहिलेले संग्रहालय उघडण्यात आले.

घटक व प्रकार

नूडल्सच्या पिठात ‘कान्सुई’ हे अल्कधर्मी क्षारांचे पाणी घालतात. त्यामुळे त्यांना पिवळसर रंग व चिवटपणा येतो. डुकराची वा कोंबडीची हाडे, सुकी मासळी, समुद्री शेवाळ इत्यादी तासन्‌तास उकळून रस्सा करतात. वाडग्याच्या तळाशी आधी ‘तारे’ हे खारट, दाट मिश्रण घालून त्यावर रस्सा ओततात.

प्रमुख प्रकार चार आहेत: सोया सॉसचे शोयू, मिठाचे शिओ, आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे मिसो आणि डुकराच्या हाडांचे तोन्कोत्सू. यांपैकी शोयू तोक्योशी, शिओ हाकोदातेशी, मिसो साप्पोरोशी, तर तोन्कोत्सू फुकुओका परिसराशी निगडित आहे.

दुकानाची मांडणी

दारावर ‘नोरेन’ हा कापडी पडदा असतो. आत स्वयंपाकघराला लागून लांब फळी व तिच्यापुढे मोजकी आसने असतात. अनेक दुकानांत दाराजवळच्या यंत्रात पैसे टाकून पदार्थाचे तिकीट घ्यावे लागते. ते आचाऱ्याच्या हाती दिले की मागणी नोंदली जाते. पाणी विनामूल्य असून बहुधा स्वतःच ओतून घ्यायचे असते. बक्षिसी देण्याची प्रथा नाही.

खाण्याची रीत

कढत रश्श्यात नूडल्स काही मिनिटांतच मऊ पडतात. म्हणून वाडगा पुढ्यात येताच खाणे अपेक्षित असते. मोठ्याने भुरके मारणे येथे अशिष्ट मानले जात नाही. भुरक्याबरोबर हवा आत जाऊन नूडल्स थोड्या निवतात आणि रश्श्याचा गंधही अधिक जाणवतो. हाकाता पद्धतीच्या दुकानांत नूडल्स किती मऊ वा कडक हव्यात हे सांगता येते. रस्सा उरल्यास ‘काएदामा’ म्हणजे केवळ नूडल्स पुन्हा मागवता येतात. रस्सा संपवलाच पाहिजे असे बंधन नाही. त्यात मीठ बरेच असल्याने अनेक जण तो मागे ठेवतात.

सोबतीने भोजन

रामेनयात मित्र समोरासमोर न बसता बहुधा शेजारी शेजारी बसतात. प्रत्येकाने स्वतंत्र वाडगा मागवावा, अशी अनेक दुकानांची अपेक्षा असते. एका वाडग्यात दोघांनी खाणे सहसा चालत नाही. ज्याचा वाडगा आधी येतो त्याने सोबत्यासाठी खोळंबून न राहता, ‘ओसाकी नी’ म्हणजे ‘आधी घेतो’ असे म्हणून सुरुवात करावी, असा प्रघात आहे. तिकिटे आधीच घेतलेली असल्याने शेवटी बिलाची वाटणीही करावी लागत नाही. गर्दीच्या दुकानांत एकाने रांगेत उभे राहून इतरांची जागा धरणे गैर समजतात. त्यामुळे मित्रांच्या गप्पा मुख्यतः रांगेत होतात किंवा जेवणानंतर दुसरीकडे रंगतात.

मद्यपानाच्या बैठकीनंतर मित्रांनी वा सहकाऱ्यांनी मिळून शेवटचा पदार्थ म्हणून रामेन खाण्याची प्रथा आहे. तिला ‘शिमे’ म्हणजे समारोपाचे रामेन म्हणतात. जूझो इतामी यांच्या ‘ताम्पोपो’ (इ.स. १९८५) या चित्रपटात रामेनचे दुकान चालवणाऱ्या विधवेची कथा आहे.

शाकाहारी ग्राहक

भाज्या घातलेले रामेनही बहुधा शाकाहारी नसते. रस्सा, तारे व वरचे तेल यांत मांस किंवा मासळीचा अंश असतो आणि काही नूडल्समध्ये अंडेही घालतात. वरचे मांस काढून टाकल्याने पदार्थ शाकाहारी होत नाही. त्यामुळे शाकाहारी प्रवाशाने रश्श्याविषयी स्वतंत्र चौकशी करणे आवश्यक ठरते. तोक्योसारख्या मोठ्या शहरांत प्राणिजन्य घटक पूर्णतः टाळणारी रामेनची दुकानेही आहेत.

सद्यस्थिती

तोक्योतील ‘त्सुता’ या दुकानाला मिशलॅं मार्गदर्शिकेच्या २०१६ च्या आवृत्तीत एक तारा मिळाला. रामेनच्या दुकानाला हा मान प्रथमच लाभला. मात्र अशा कीर्तीचा लाभ सर्वांना होत नाही. एका वाडग्यासाठी एक हजार येनपेक्षा अधिक द्यायला ग्राहक नाखूश असतात. या मर्यादेला ‘हजार येनची भिंत’ म्हणतात. पीठ, मांस, इंधन व मजुरी महागली तरी दर वाढवणे त्यामुळे कठीण जाते. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा चलनात आल्यावर तिकीटयंत्रे बदलण्याचा वा सुधारण्याचा खर्चही दुकानदारांवर पडला. आसने थोडी आणि दर ठरलेला असल्याने एका आसनावर दिवसभरात किती ग्राहक जेवून जातात, यावर अशा दुकानाचा निर्वाह चालतो. जेवून झाल्यावर जागा लगेच मोकळी करण्याच्या प्रथेमागे हेच कारण आहे.