पहिली खरेदी : सावे दादांच्या कॅमेऱ्यापासून खिशातल्या फोनपर्यंत

गेल्या पावसाळ्यात पुतण्या घरी आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "काका, किल्ल्यावर चॅनल काढायलोय. पैले काय घेऊ?" त्याच्या हातात एक यादी होती. गिंबल, रिंग लाइट, फोनला लावायची वेगळी भिंगे, झालेच तर नवा फोन. उदगीरच्या किल्ल्यावर, १७६० च्या लढाईवर, चौबाऱ्यावर तो व्हिडिओ करणार होता. यादी मी दोनदा वाचली. तिच्यात माईक नव्हता.

मी गप्प राहिलो, कारण काही वर्षांपूर्वी हीच चूक मी केली होती. ती या लेखात पुढे येईल. पण त्या रात्री डोक्यात दुसराच प्रश्न घोळू लागला. आपल्याकडे ज्यांनी पहिल्यांदा हलती चित्रे घेतली, त्यांनी पहिल्यांदा काय विकत घेतले? त्यांनाही कुणी यादी दिली नव्हती. मी काही चित्रपटशास्त्राचा विद्यार्थी नाही. जुनी कागदपत्रे आणि म्हातारी माणसे हा माझा अभ्यास. तरी हा धागा धरून वाचत गेलो आणि जे हाती लागले ते इथे मांडतो.

एकवीस गिनींचा कॅमेरा

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. तो पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते. लोक त्यांना सावे दादा म्हणत. ते मुळात छायाचित्रकार, मुंबईत त्यांचा स्टुडिओ होता. खेळ पाहून त्यांनी इंग्लंडातल्या रायली ब्रदर्सकडून एकवीस गिनींना कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती त्यांनी टिपली. डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाचे त्यांचे स्वागत टिपले. १९०३ चा दिल्ली दरबारही टिपला.

या हकिकतीत कुस्तीचा उल्लेख सगळे करतात. मला महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. कुस्तीची फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. म्हणजे हँडल फिरवून झाल्यावर आत काय उमटले, हे बोटीने फिल्म जाऊन परत येईपर्यंत कळायला मार्ग नव्हता. कॅमेरा घरात होता, पण पुढचे सगळे काम सातासमुद्रापार होते. चित्र घेणे हे कामातले एक पाऊल असते, सगळे काम नव्हे, हा धडा इथूनच सुरू होतो.

तरीही सावे दादांची एक बाजू जमेची होती. ते आधीच छायाचित्रकार होते. ऊन कुठून यावे, माणूस कुठे उभा राहावा, हे त्यांना कॅमेऱ्याआधी येत होते. त्यांनी विषयही तसेच निवडले. कुस्ती, स्वागत, दरबार. सगळे उघड्यावर, भर उजेडात, आणि आवाजावाचून कळणारे. हाती असलेल्या यंत्राला जे झेपेल तेच त्यांनी त्याच्याकडून मागितले.

फाळक्यांची यादी

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' पाहिला, ध्यास घेतला, आणि ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. पण खरेदीच्या अंगाने ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

फाळक्यांनी आधी छोटा कॅमेरा आणि थोडी रिळे मिळवून घरी प्रयोग केले. रात्रंदिवस डोळ्यांना ताण दिल्याने दृष्टी गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचाराने ती परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला आणि नंतर मदतही केली. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांना काम पाहायला मिळाले.

तिथून त्यांनी काय घेतले? पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा. फिल्मला कडेने भोके पाडण्याचे यंत्र. छपाईचे यंत्र. कच्ची फिल्म. चार वस्तूंपैकी कॅमेरा एकच, बाकीच्या तीन कॅमेऱ्याच्या आधी आणि नंतर लागणाऱ्या. सावे दादांना जे लंडनला पाठवावे लागले, ते फाळक्यांनी दादरच्या घरात आणले. कच्च्या फिल्मला भोके नसत. ती अंधारात पाडावी लागत आणि हे काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्याचे, जोडण्याचे कामही त्या शिकल्या. उन्हात पांढऱ्या चादरी धरून पात्रांच्या तोंडावर उजेड पाडण्याचे कामही त्यांच्याकडे असे, असे सांगतात.

आणखी एक बाब. यंत्रे आल्यावर फाळक्यांनी लगेच पौराणिक कथा हाती घेतली नाही. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्यांची वाढ टिपली. जेमतेम मिनिटभराच्या त्या चित्रात कोंब फुटून वेल वर चढताना दिसला. नाव 'अंकुराची वाढ'. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी पैसे देण्याची तयारी दाखवली. या चित्राला ना पात्र लागले, ना पोशाख. लागला तो न हललेला कॅमेरा आणि धीर. नवशिक्याने पहिला व्हिडिओ कशाचा करावा, याचे याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

कोल्हापूरचा लेथ

बाबुराव मेस्त्री, म्हणजे बाबुराव पेंटर, यांच्याकडे विलायतेला जाण्याइतका पैसा नव्हता. ते आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत. यंत्रांची हौस दोघांनाही. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबुरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने काम पुढे नेले आणि १९१८ मध्ये कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये लागला. 'सिंहगड'मध्ये (१९२३) रात्रीच्या प्रसंगांसाठी बाबुरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला. पडदे रंगवणारा माणूस उजेडाकडे आधी पाहणारच.

दामल्यांचे पुढचे आयुष्य आपल्या विषयाला फार जवळचे आहे. १९२९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर प्रभात काढली. १९३१ मध्ये 'आलम आरा'ने चित्रपट बोलू लागला आणि १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. त्याचे ध्वनिमुद्रण दामल्यांनी केले. कॅमेरा घडवणारा माणूस आपणहून आवाजाच्या खात्याकडे वळला. पडद्यावरचे चित्र थोडे अंधूक असले तरी लोक सहन करतात, शब्द कळला नाही तर उठून जातात. बोलपटाच्या काळात ज्याला हे उमगले तो टिकला.

सायकल आणि बैलगाडी

आमच्याकडे माळेगाव म्हटले की लोहा तालुक्यातली खंडोबाची यात्रा आठवते. पण नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात, यंत्रमागांच्या गावात, नासिर शेख यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' काढला. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा. कॅमेरा सरकवायला सायकल, उंचावरून दृश्य घ्यायला बैलगाडी. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात (२००८) हे सगळे पाहायला मिळते. आजचा मुलगा गिंबलसाठी जे हजारो रुपये मोजतो, ते काम तिथे सायकलने केले.

लग्नाचा व्हिडिओ उदगीरलाही त्याच सुमारास रुळला होता. खांद्यावर व्हीएचएसचा जाडजूड कॅमेरा, मागे वायर सांभाळत हॅलोजन धरणारा पोऱ्या, आणि त्या झोताने डोळे मिटणारी नवरी. कॅसेटमध्ये मंगलाष्टके कधीच ऐकू येत नसत. त्यावर सिनेमाची गाणी चिकटवून मिळत. आवाज हा नंतर चिकटवायचा असतो, अशी आमच्या पिढीची समजूत तिथेच झाली असावी.

कूलर

आता माझी गोष्ट. उदगीर तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानच्या, नंतर राज्याच्या, बीदर जिल्ह्यात होता. त्यामुळे इथला जुना दप्तरी कागद काही बीदरला, काही हैदराबादला, आणि बराचसा उर्दूत. मुक्तिसंग्रामातल्या साध्या माणसांची नावे त्या कागदात क्वचितच येतात. ती होती म्हाताऱ्यांच्या तोंडात.

२०१४ च्या मे महिन्यात मी असाच एका नव्वदीच्या आजोबांकडे गेलो. १९४८ साली सरहद्दीवरच्या एका टोळीत ते होते. नवा फोन घेतला होता, शिवाय एक दिवा आणि एक स्टँड. आजोबा सुमारे आठ फुटांवर बाजेवर बसले होते, खोलीत कूलर चालू होता. त्यांनी आपल्या सात साथीदारांची नावे गावासकट सांगितली. मी वहीत लिहिली नाहीत. रेकॉर्ड होतेच आहे, असे मनाशी म्हटले. घरी येऊन ऐकले तर कूलर स्पष्ट आणि आजोबा अस्पष्ट. पुन्हा पुन्हा ऐकून चार नावे लागली. उरलेली तीन लागली नाहीत. पुन्हा जायचे ठरवेपर्यंत पाऊस लागला आणि श्रावणात आजोबा गेले.

चित्र उत्तम आहे. ओठ हलताना दिसतात.

नंतर कारण समजून घेतले. फोनचा माईक चहूबाजूंचा आवाज गोळा करतो. बोलणारा आणि माईक यांतले अंतर दुप्पट झाले की त्याच्या आवाजाचा दाब निम्म्यावर येतो, पण खोलीभर घुमणारा कूलर तेवढाच राहतो. त्यात माणूस थांबला की फोन आपोआप आवाज वाढवतो, आणि वाढतो तो कूलरच. सदऱ्याला लावायचा साधा वायरचा कॉलर माईक ओठांपासून वीतभर अंतरावर असता, तर सातही नावे राहिली असती. तो काही शे रुपयांत मिळत होता. कूलर बंद करायला तर काहीच लागले नसते.

पुतण्याची यादी

अमेरिकेतला 'टँजरीन' (२०१५) हा चित्रपट आयफोनवर घेतला, हे सगळे सांगतात. त्याचा आवाज मात्र फोनवर घेतलेला नव्हता. त्यासाठी वेगळे माईक होते. एवढे सांगून मी पुतण्याची यादी नव्याने लिहिली.

फोन आहे तोच. मागचा कॅमेरा वापरायचा, कारण पुढच्यापेक्षा तो बहुधा सरस असतो. भिंग रुमालाने पुसायचे. शूटिंगआधी फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, नाहीतर नेमक्या वेळी मामाचा फोन येतो.

पहिली खरेदी कॉलर माईक. किल्ल्यावर वारा असतो, म्हणून त्यावर फोमची किंवा केसाळ टोपी. आपल्या फोनच्या भोकात त्याची पिन बसते का, हे दुकानातच पाहायचे आणि तिथेच दोन वाक्ये रेकॉर्ड करून ऐकायची.

दुसरी खरेदी न डगमगणारा ट्रायपॉड. फाळक्यांचा वाटाणा स्थिर कॅमेऱ्यावर उगवला. गिंबल वर्षभराने पाहू.

दिवा तूर्त नको. सकाळी किंवा उन्हे उतरताना शूटिंग करायचे. घरात असेल तर माणसाचे तोंड खिडकीकडे, आणि दुसऱ्या बाजूने पांढरी चादर. सरस्वतीबाईंना ती पुरली.

तिसरा खर्च साठवणीचा. फुल एचडी व्हिडिओचे एक मिनिट साधारण १०० ते १५० एमबी खाते, म्हणजे तासाला सहा ते नऊ जीबी. त्याच रात्री दोन ठिकाणी प्रती ठेवायच्या. आमच्याकडच्या व्हीएचएस कॅसेटींना बुरशी लागली, तशी मेमरी कार्डेही जातात.

आणि शेवटची वस्तू वही. नावे, गावे, साल, हे सगळे समोरच्या माणसासमोरच लिहून त्याला वाचून दाखवायचे.

पुतण्या थोडा हिरमुसला. पण दसऱ्याच्या आधी त्याने गल्लीतल्या एका आजींना देवणी बैलांच्या बाजाराबद्दल बोलते केले. कॉलर माईक पदराला, पंखा बंद, आजी दारातल्या उजेडात. मी शेजारच्या खोलीत डोळे मिटून ते ऐकले. शब्द न् शब्द कळत होता, मध्ये आजींनी घेतलेला श्वाससुद्धा.

माझ्या वहीत १९४८ च्या त्या टोळीचे पान अजून आहे. चार नावे आणि त्याखाली तीन रिकाम्या ओळी. उदगीर, देवणी, भालकी या पट्ट्यात कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांची अशी आठवण असेल, तर ती माझ्यापर्यंत पोहोचण्याची वाट पाहू नका. आज घरातच बसवा त्यांना, पंखा बंद करा आणि विचारा.